मूळ देश

मोडीत निघालेल्या सूतगिरणीच्या यादीत
दोनशे नऊ म्हणजे तोलकाटा, गंजलेला.
दोनशे दहा, लोखंडी कपाट, किल्ली नाही.
आणि दोनशे अकराला ही,
वॉचमनच्या खोलीत, दारामागे, गोणपाटात.
रकाने चार : वर्णन, मूळ देश, स्थिती, अंदाजे किंमत.
पहिल्यात लिहिलं, बंदूक, जुनी.
दुसऱ्याशी येऊन पेन थांबलं.

चोपड्याच्या ठाण्यातून हवालदार आला,
आणि त्याच्या सांगण्यावरून रुबाब तडवी,
वरणगावच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं काडतुसं तपासलेला.
हँडलला मेथीची जुडी तशीच लटकती ठेवून
आधी त्याने बोल्ट ओढला,
आत रिकामं आहे ना, करंगळीने पाहिलं.
मग रामराम.

रॉकेलचा बोळा मुठीजवळ फिरला
आणि गंजाखालून मुकुट आला, मग अक्षरं,
धुतल्यावर हातावरचं गोंदण दिसावं तशी.
"लिथगो. ऑस्ट्रेलियानी शे हाई. सन अठरा."
मी ऑस्ट्रेलिया लिहू लागलो.
"थांब भाऊ."
बोल्टवरचा आकडा वेगळा.
"हाऊ बर्मिंगहॅमना."
लाकडात आरपार स्क्रू.
"हाऊ इशापूरना, कलकत्त्याकडला."

पुढे दोन बाण कोरलेले, टोकाला टोक टेकवून :
फौजेने हात झटकले, विकून टाकली.
मग कोणी नळीतले आटे खरवडून काढले,
मॅगझिनमध्ये लाकडाचा ठोकळा बसवला,
एका वेळी एकच काडतूस, छर्र्याचं,
तुरुंगाच्या, गोदामाच्या पहाऱ्यापुरतं.
"मंग रायफल म्हनू का नको हिले?" हवालदार.
रुबाबने ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

तो दस्त्यापाशी अडला होता.
डाव्या अंगाला तळहाताएवढं ठिगळ, काळसर लाल.
नख दाबलं. नख वाकलं.
"हाऊ तं अंजन. सातपुडाना."
कुऱ्हाड बोथट करणारं ते लाकूड
इतकं नीट बसवलेलं
की सांध्यात ब्लेड शिरेना.

जामसिंग पावरा दाराशी उभा.
गिरणी बंद पडून नऊ वर्षं झाली, तो रात्री येतोच.
(त्याचा थकलेला पगार दुसऱ्या यादीत आहे.
ती यादी माझ्याकडे नाही.)
"मीच बसवलं. पडली होती हातातून.
साहेबांना सांगितलं नाही."
साहेब वारले त्यालाही आता बारा वर्षं.
"चालवली कधी?"
"एकदा. वाजली नाही."

रुबाबने तेलकट बोटं पँटला पुसली.
"लिख भाऊ, जे लिखनं ते."
न्यायला हवालदाराने गोणपाट मागितलं.
जामसिंगने लगेच दिलं नाही,
बाहेर जाऊन झटकलं, घडी घातली, मग दिलं.

रकान्यात तीन नावं मावली, दाटीवाटीने.
अंजन समासात गेलं, पेन्सिलीने,
ऑडिटरला दिसेल न दिसेल असं.
किंमत अजून लिहायची आहे.