शेचाळीस

शब्द अर्धेच पोचतात, अशी तक्रार होती.
गांगुर्डेबाईंनी ती वहीत तारखेसकट उतरवलेली:
सात डिसेंबर, रात्री अकरा दहा, सटाण्याहून कॉल,
"ओ", मग खरखर, मग "टिव्ह".
मधलं गेलं कुठे?
बाईंनी तीनदा विचारलं, निगेटिव्ह की पॉझिटिव्ह,
पलीकडचा डॉक्टर शेवटी ओरडला
आणि ते ओरडणंही
फुटलेल्या बांगडीसारखं तुकड्यांत आलं.

गंगापूर रोडची रक्तपेढी, तळघर,
जिन्याखाली स्विचचं कपाट.
मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले, स्वेटरवर स्वेटर.
निफाडला पारा पाचावर, इथे एसी अठरावर,
बोटांना फरक कळेना.

दोष कुणाचाच नव्हता, तेच वाईट.
अकराला बॅकअप सुटतो.
सोळा कॅमेरे रिकामं पार्किंग रात्रभर टिपत बसतात.
वरच्या मजल्यावर कुणी सिनेमा उतरवून घेतो,
आणि या सगळ्यांच्या पाठी,
हातात काही सामान नसल्यासारखा,
उभा असतो आवाज.
जो आधी आला तो आधी, एवढंच स्विचला ठाऊक.
ऐकायला किती न्यायाचं वाटतं.

दगू पिंगळे म्हणतो, साहेबांना रुग्णवाहिकेची उपमा दे,
द्वारका चौकात अडकलेली, लगेच पटते.
मला नाही पटत.
रुग्णवाहिका उशिरा आली तरी येते.
उशिरा आलेला आवाज फोन स्वतःच टाकून देतो,
कारण वाक्य तोवर पुढे निघून गेलेलं असतं.
मी पिंपळगावची. मी म्हणते,
फाइल म्हणजे कांदा, चाळीत पडू दे,
वरचा पापुद्रा जाईल, कांदा कांदाच राहील.
आवाज म्हणजे द्राक्ष.
बस्स. साहेब नाशिकचेच, पुढचं त्यांना कळलं.

तर फोनांसाठी वेगळी आळी आखली.
प्रत्येक फोनच्या कपाळी शेचाळीसचा आकडा,
तो दिसला की वाट सोडायची.
फोननं लावला तर खरा धरायचा,
संगणकानं लावला तर पुसून शून्य,
कारण पहिल्या पंगतीचा मान कळला
की मांडवातले सगळेच नवरदेवाचे मामा होतात.

आणि माप. हे नवशिके विसरतात.
पुढच्या रांगेलाही शंभरातले तीसच,
नाहीतर बोलणाऱ्यांपायी बाकीचे उपाशी,
आणि बाकीच्यांत रक्तसाठ्याची यादीही आहे.

तरी तुटतच होता.
एक वाजला. दगू वायरीमागून वायर धरत गेला
आणि फ्रीजरच्या पाठीमागे
कुणी कधी लावलेला पाच तोंडांचा डबा सापडला,
धुळीनं मऊ झालेला.
त्याला आकडा वाचताच येत नव्हता.
वाटेवर एक अडाणी असला
की मागच्या सगळ्यांचं शहाणपण पाण्यात.
उपटला. नवी वायर थेट ओढली.

दोन वाजता बाईंनी मालेगावला फोन लावला.
मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.
रिसीव्हर कानाला, आणि त्या गप्प.
"येतंय ना नीट?"
"श्वास पण येतोय गं.
तो रजिस्टर शोधतोय, पानं वाजताहेत.
आणि मागे लांब कुणीतरी रडतंय.
आधी ती यायची नाही."

थोडं कमी करता येईल का, असं त्या विचारतील
असं मला वाटलं.
नाही विचारलं. वही ओढली, लिहिलं:
दोन सात. मालेगाव. ए निगेटिव्ह, दोन पिशव्या. स्पष्ट.

मी बदल जतन केले.
न केले तर वीज गेल्यावर स्विच सगळं विसरतो
आणि पुन्हा सगळ्यांना सारखं वागवू लागतो.

मोबाइलवर आईचे तीन मिस्ड कॉल, साडेनऊचे.
तेव्हा म्हटलं होतं, नंतर करू.
थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून
बागेत शेकोट्या पेटल्या असणार, ती जागीच असणार.
जिना चढून रस्त्यावर आले, रेंजमध्ये,
नंबर लावला.
पहिल्या रिंगलाच तिनं उचलला.