एकक

इसा गेला त्या रात्री आकाश कोरडं होतं.
बर्फ आला दुसऱ्या रात्री, सरोवरावरून,
उशिरा आणि दणदणीत,
मागच्या बाकावरच्या पोरांसारखा.

इसा म्हणजे बाप.
आजीच्या फिनिश भाषेतला आमच्या घरात तगलेला
जवळजवळ शेवटचा शब्द.
बाकीचे तांब्याच्या खाणीबरोबर पाण्याखाली गेले.

गावाला तो हाकाला सर.
चौतीस वर्षं पदार्थविज्ञान, एकाच शाळेत,
एकाच तपकिरी कोटात.
कोटाच्या खिशात खडू आणि ज्येष्ठमधाच्या खारट गोळ्या
एकत्र नांदायच्या,
त्यामुळे गोळ्यांना खडूची चव
आणि ती चव म्हणजे आम्हाला बाप.

उत्तर बरोबर आलं तरी अर्धा गुण कापायचा.
"बावीस काय? बटाटे? बदकं?
एककाशिवायचा आकडा अनाथ असतो, आयली."
वर्गात मी त्याची कुणी नव्हते,
चौथ्या बाकावरची एक मुलगी.
घरी जाताना मात्र गाडी बेकरीशी थांबायची
आणि कापलेला अर्धा गुण
वेलचीच्या गोड पावातून परत मिळायचा.

खाण बंद पडली त्या हिवाळ्यात
निम्मा वर्ग डब्याशिवाय येऊ लागला.
त्यानं प्रयोग काढला : उष्णता कशी वाहते.
साहित्य : एक मोठं पातेलं, वाटाण्याचं सूप,
अठ्ठावीस वाडगे.
प्रयोग मार्च संपेपर्यंत चालला.
निष्कर्ष कुणीच लिहून दिला नाही.
त्याबद्दल कुणाचा गुणही कापला गेला नाही.

आई इस्पितळात रात्रपाळीला.
सकाळी आमच्या वेण्या तोच घालायचा,
दोन्ही बाजूंना समान ताण.
सिर्का म्हणते, माझ्या भुवया
अजून खाली आलेल्या नाहीत.

परसात, कपडे वाळवायच्या खांबाला
त्यानं एक मोजपट्टी ठोकली होती.
रोज सहाला कंदील घेऊन जायचा, वाकायचा, येऊन लिहायचा.
एकोणचाळीस वह्या.
काल तळघरात, बटाट्यांच्या पोत्यावर बसून वाचल्या.

"अठरा इंच. ऑर्व्होचा दात पडला."
"एकतीस इंच. रस्ता बंद. लेम्पी कामावरून पायी निघाली.
मी अर्ध्या वाटेत भेटलो."
"नऊ इंच. आयलीला नापास केलं. झोप नाही."

हे मला माहीत नव्हतं.
मी त्या रात्री भिंतीकडे तोंड करून
त्याचं घोरणं ऐकू यायची वाट पाहत होते,
त्याचा राग करायला सोपं जावं म्हणून.

उन्हाळ्यात वही मिटलेली असेल, वाटलं होतं.
नव्हती.
"शून्य इंच. स्ट्रॉबेऱ्या."
"शून्य इंच. लेम्पी खूप हसली. कशाला, ते विचारायचं राहिलं."
जुलै, ऑगस्ट, एकही दिवस न चुकवता
शून्यालासुद्धा एकक.

आणि आई गेली त्या तारखेला
नुसतं "इंच".
आकडा नाही.

आज सकाळी त्याचे बूट घालून मी गेले.
पट्टीवरचे बारा ते एकोणीस पार झिजलेत,
बोटानं चाचपून वाचावे लागतात.
खाली चर्चमध्ये एव्हाना कॉफी उकळत असेल,
टक्कल पडलेले, कमरेत वाकलेले त्याचे विद्यार्थी
टोप्या हातात घेऊन उभे असतील,
आणि कुणीतरी सूपची गोष्ट सांगेल, चुकीची सांगेल,
वाडगे चाळीस करून सांगेल.

"किती?" नीलो दारातून ओरडला.
"चौदा."
तो आठ वर्षांचा आहे. त्याला हे
इसानं कधी शिकवलं, कुणास ठाऊक.
"चौदा काय?"

मी वही उघडली.
पेनातली शाई गोठली होती.
तळहातात धरून फुंकर घालत राहिले,
बराच वेळ.
नीलो माझ्या कोटात शिरून उभा होता.
मग हळूहळू
लिहायला लागलं.