मोर काढलेली मडकी

आमच्याकडे नळ येतो दहाव्या दिवशी,
तोही पहाटे साडेतीनला, चोरासारखा.
उदगीरच्या या गल्लीत
झाडं लावतो म्हणणाऱ्याकडे
लोक जरा काळजीनं बघतात.

तरी लावली.
जिन्यामागं बारा फूट बाय पाच फूट
काळी माती होती, होळीनंतर एवढी भेगाळणारी
की यदुराजची गोटी एकदा आत गेली
ती गेलीच.

माणिकनं दालमिलमधून
तुरीच्या टरफलांचं पोतं आणलं स्कूटरवर.
मालकानं फुकट दिलं म्हणे, वर हसला.
रंगाच्या रिकाम्या बादलीला मी
तापल्या सळईनं भोकं पाडली.
भाजीची देठं, चहाचा चोथा,
माझ्या मशिनखालच्या चिंध्या, सगळं आत.
तीन महिन्यांनी बादली उपडी केली.
सगळ्याची माती झालेली,
आणि मधोमध
देशमानेबाईंच्या ब्लाऊजची बाही
जशीच्या तशी, जांभळी.
टेरीकॉट होतं ते.
माती सुद्धा कापड बघून घेते.

मग मडकी.
मानेपर्यंत पुरायची, भरायची, वर झाकण,
भोवती बी टोचायचं. बाकी मडकं बघतं.
सोजरबाईला म्हटलं, पाच द्या, पुरायची आहेत.
चाकावरून नजर न काढता ती म्हणाली,
"कोण गेलं वो घरातलं?"

सगळं समजावल्यावर
कोपऱ्यातलं एक काढून हातात दिलं तिनं,
कमी भाजलेलं, तोंड वाकडं.
"हे न्या तसंच. लई गळतंय.
माठ म्हणून कुणी हात लावंना त्याला."

कादंबरीचं म्हणणं, जमिनीत जाणार
म्हणून काय उघडंच जायचं का.
खिडक्यांचा ऑइलपेंट उरला होता.
आधी अंगभर निळा हात,
वाळल्यावर पोटावर मोर,
आणि तुरा थेट मानेवर.
पाच मडकी, पाच मोर.
वाकड्या तोंडाचं तिनं घेतलं नाही.

दोडका, चवळी, कारलं, वाल, भेंडी
मोरांपाशी.
सहाव्यापाशी, मुठीत जे उरलं ते.

वर तुराट्यांचा मांडव बांधला,
सुतळीच्या गाठी यदुराजच्या,
म्हणजे सुटणाऱ्या.

पंधरा दिवसांनी झाकणं उचलली.
पाचही मडकी काठोकाठ,
पाण्यावर धुळीची साय.
आणि बाजूला रोपांनी माना टाकलेल्या.
"पाणी तर आहे," कादंबरी म्हणाली,
"एवढं जवळ आहे. मग पीत का नाहीत?"

कुणी काही बोललं नाही.
माणिकनं एक मडकं उकरून काढलं,
ओली बोटं फिरवली पाठीवरून,
गुळगुळीत, कोरडं.
"बुजलंय गं," म्हणाला. एवढंच.

सहाव्याला मात्र दिवसाआड भरावं लागायचं.
शिव्या देत भरायचो. त्याचा वेल
मांडव ओलांडून शेजारच्या अँटेनावर गेला होता.

रविवारी पाचही बाहेर काढली.
विटेचा तुकडा, सँडपेपर, माझी जुनी कात्री.
कादंबरी आधी खोलीत जाऊन बसली,
मग आली, आणि म्हणाली,
मी खरवडते. माझेच आहेत.
पिसारा गेला, पाय गेले,
निळी भुकटी तिच्या पापण्यांवर.
मानेवरचे तुरे राहू दिले,
ते मातीच्या वरच राहणार होते.

आता साडेतीनला नळाखाली कळशी लावून
मी जिन्यामागं जाते.
टॉर्चच्या उजेडात पाच निळे तुरे,
जणू खाली कुणी पक्षी उभे आहेत गळ्याइतक्या जमिनीत.
मडक्याजवळ हात ठेवला की
माती गार लागते.
फार नाही. वीतभर.

सहाव्याचं वाळूक निघालं. पहिलं सोजरबाईला दिलं.
तिनं तिथंच चावून बघितलं,
"कडू हाय. दुसरं आणा," म्हणाली.

गल्लीत अजून चार घरांनी विचारलंय.
गळक्या मडक्याला ती हल्ली
दहा रुपये जास्त घेते.