ओढू नये

सोहारच्या दवाखान्यात रात्री अकराला
उमैर आला. वय नऊ. गोलकीपर.
मागे बाप, बंदरावर क्रेन चालवणारा,
मूळचा राजिवड्याचा.

अंगठा मागे पडलेला,
बोटांशी अबोला धरल्यासारखा.
तळव्यात एक खळगा, तांदळाचा दाणा मावेल एवढा.
तो दिसला आणि मी गप्प झाले.

"मीच ओढला, डॉक्टर. दोनदा."
बापाचे दोन्ही हात खिशात.

काय सांगू, सगळेच ओढतात.
ओढलं की फट पडते,
आतली पट्टी तिच्यात शिरते
आणि सांधा तिला सोडत नाही.

भूल चढेपर्यंत उमैरने चार गोल सांगितले, तीन अडवलेले.
मी मनगट वाकवलं.
अंगठा होता त्याहून थोडा मागेच नेला,
मग बुडाशी बोट लावून पुढे सरकवत,
सरकवत
(आत्ता नाही गेला तर उद्या टेबलावर, चिरून)
टक्.

एक्स-रेत हाडं आपापल्या घरी.

तीन आठवडे प्लास्टर.
तेवढे दिवस पोरगा अख्ख्या सोहारला ठेंगा दाखवत फिरला.
मलाही.

बाप मात्र अजून रस्ता ओलांडताना
त्याला मनगटाला धरतो.