पिठाला हात किती लावायचा

ओलीटाचा उजवा हात मार्चमध्ये गेला.
गेला म्हणजे मांडीवरच असतो, पण तिचा नाही.
बोलणंही त्याच सकाळी गेलं,
उरले दोन शब्द, "नाही" आणि "बुधवार".
बुधवारच का, ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही.

मग ती चमचा वाजवते.
डावा हात, टेबलाची कड.
एकदा टक् म्हणजे चालू दे,
दोनदा म्हणजे थांब,
आणि सलग वाजवला
म्हणजे माझ्या अकलेबद्दल काहीतरी.

एकतीस वर्षं मी कोळशाचा ट्रक हाकला
केंटकीच्या या डोंगरांतून, धुक्यात, बर्फात,
एकदा तर ब्रेक नसताना.
बिस्किटं रोज पहाटे सीटवर असायची,
फडक्यात बांधलेली, मधे खारं मांस.
ती कुठून येतात
हे विचारायचं मला सुचलं नाही.
ओढा कुठून येतो, हे तरी कोण विचारतं.

पहिल्या रविवारची कुत्र्याला टाकली.
त्याने एक पुरून ठेवलं.
दुसऱ्या रविवारी मी पीठ मळलं,
चांगलं रेटून, टायर बसवतात तसं,
आणि चमचा असा कडाडला
की शेजारची मिसेस स्टिडम दार न ठोकता आत आली.
तिने पीठ पाहिलं, मला पाहिलं,
"पिठाशी भांडायचं नसतं, व्हर्लिन," म्हणाली,
आणि वाटीभर साखर उसनी घेऊन गेली.

तेव्हापासून शिकतोय.
चरबी गारढोण असतानाच
बोटांच्या नुसत्या टोकांनी पिठात चुरायची,
वाटाण्याएवढे खडे राहू द्यायचे.
टक्.
मधे आळं करून ताक, तेही गार,
काट्याने दहा-बारा वेळा ढवळायचं.
टक् टक्.
अगं, अजून कोरडं दिसतंय.
टक् टक्.
बरं.
असंच राहू द्यायचं, चिकट, ओबडधोबड.
थापायचं, घडी घालायची, पुन्हा थापायचं,
मग घेवड्याच्या रिकाम्या डब्याने सरळ खाली कापायचं.
डबा फिरवायचा नाही.
फिरवला की कडा मिटतात
आणि बिस्किट बसल्या जागी बसून राहतं.
हे माझ्या सात रविवार ध्यानात आलं नाही,
कारण फिरवणं हातात मुरलेलं.
नट, बोल्ट, किल्ल्या, स्टिअरिंग,
फिरवण्यातच जन्म गेला.

बिडाच्या तव्यात ती खेटून ठेवायची.
एकटं ठेवलेलं आडवं पसरतं,
शेजार असला की वर चढतं.
हे तिने कसं सांगितलं?
चमच्याने दोन बिस्किटं एकमेकांकडे ढकलली
आणि माझ्याकडे बघत बसली,
माझ्या डोक्यात शिरेपर्यंत.

आज ती वर आली.
बाजूंनी पापुद्रे सुटले, माथा तांबूस.
मी एक फोडलं, वाफ जाऊ दिली, लोणी लावलं,
वर ऑक्टोबरात कढवलेली ज्वारीची काकवी.
तिने खाल्लं, सावकाश, डाव्या दाढेने.
मी चमच्याकडे बघत होतो.
चमचा काकवीत होता.

"बुधवार," ती म्हणाली.

ओट्यावर कापून उरलेली पिठाची टोकं होती.
तिने डावा हात पुढे केला,
ती एकेक करून जवळ ओढली,
दाबून त्यांचं काहीतरी वेडंवाकडं केलं,
पोरासाठी शेवटी चानकी थापतात तसं.
आमचं पोर ओहायोत आहे, त्रेचाळीस वर्षांचं,
नाताळला फोन करतं.
तिने मधोमध अंगठा दाबला
आणि ते माझ्या बाजूला सरकवलं.

बरं झालं,
ओव्हन अजून बंद केला नव्हता.