अंगठा

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार.
हरमलच्या मिरच्यांच्या ढिगाशेजारी
आमचं टेबल, दोन पेनं, एक अर्ज.
दुपारपर्यंत एकोणीस सह्या,
चार माझ्याच ऑफिसातल्या,
एक रेशनचा कागद समजून.
फर्मिना आली नाही.
तिच्या शाळेला कळलं असतं.

केळीवाली द्वारकी म्हणाली, कसला गं कागद?
म्हटलं, ती आणि मी, अकरा वर्षं एका छपराखाली.
हप्ता दोघी भरतो.
रजिस्ट्रारच्या वहीत मी अविवाहित,
घर माझ्या एकटीचं.

ती केळ्यांवरच्या माश्या वारत राहिली.
मग म्हणाली,
घोवानं शेत विकायला काढलं तेव्हा
नोटरीनं विचारलं, बायलेचा अंगठा कुठाय?
दिला नाही मी.
घोव गेला. शेत आहे.

शाईचं पॅड आम्ही आणलंच नव्हतं.
तिनं पेनाची नळी दातांनी फोडली,
ओठ निळा झाला,
विसाव्या ओळीत अंगठा दाबला,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाला डझनाचा भाव
दहा रुपये चढवून सांगितला.

रात्री फर्मिनानं कागद दिव्याखाली धरला.
त्या निळ्या ठशावर
आपला अंगठा ठेवून पाहिला,
कोरडाच.