उसनी बंदूक

अध्यक्षबाई, मला दोनच मिनिटं आहेत
आणि घसा साफ करण्यातच अर्धं गेलं.
बर्न्सच्या पलीकडून आलोय, पावणेतीनशे मैल,
रात्रीच गाई बघून निघालो.

तुमचा कायदा वाचला. चष्मा लावून, दोनदा.
या हातातून त्या हातात जाणारी प्रत्येक बंदूक
आधी दुकानदाराच्या गल्ल्यावर ठेवायची,
नाव, पत्ता, मग वाट बघायची.

आमच्याकडे दुकान साठ मैलांवर.
कायोटी तेवढा थांबत नाही.
डेल्फीन एचेवेरीच्या सात कोकरांचे
कान तेवढे उरले होते कुंपणाशी.
मी रायफल दिली. जशी ती मला
लोणी देते, शिडी देते. कागद नाही.

पण ते सांगायला आलो नाही.

गेल्या जानेवारीत, बायकोला पुरून चौथ्या दिवशी
ऑर्विन माझ्या दारात, खांद्यावर बर्फ,
हातात त्याच्या बापाची बंदूक.
"ठेव तुझ्याकडे," म्हणाला. "विचारू नकोस."
नाही विचारलं.
तुमच्या फॉर्मवर याचा रकाना कुठे आहे?
त्याला म्हणायचं होतं का, चल,
साठ मैल जाऊ, रांगेत उभे राहू?

मे महिन्यात परत मागायला आला.
आत बसवलं, कॉफी दिली,
दुसरी दिली.
बराच वेळ डोळ्यांत बघितलं.
मग कपाट उघडलं.

चुकलो असतो मीही. मान्य.
लाल दिवा लागलाय, दिसतंय मला.
ऑर्विन बाहेर गाडीत बसलाय,
इंजिन चालू ठेवून.